पाचवी जोडी

आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की आठवड्याच्या आत विचारायचा, "पापुद्रे हे आडनाव कुठल्या गावचं हो?" आम्ही चेहरा न हलवता कुठलंतरी गाव ठोकून द्यायचो. आडनाव नव्हतंच ते. बाई पापुद्रे काढायच्या, म्हणून पापुद्रेबाई. खरं आडनाव पगाराच्या कागदावर असेल. मला आज कुणी विचारलं तर आठवायला वेळ लागेल.

फाटकापाशी हजेरीचं यंत्र आहे, त्यावर अंगठा टेकवायचा. बाईंचा अंगठा त्या यंत्राने कधी म्हणून ओळखला नाही. पंधरा वर्षं चिकटपट्टी दाबून दाबून अंगठ्यावरच्या रेघाच झिजून गेल्या होत्या. पहारेकरी रोज त्यांचं नाव हाताने वहीत लिहायचा आणि रोज तोच विनोद करायचा, "बाई, तुम्ही चोरी केलीत तर कुणाच्या बापाला सापडणार नाही." बाई म्हणायच्या, "चोरू काय रे? आमच्याकडचं काही डोळ्यांना दिसतं का?"

खरं होतं ते. टंगस्टन आणि गंधक यांचा एक काळा, चकचकीत स्फटिक असतो, करंगळीच्या नखाएवढा. तो वहीसारखा थराथरांचा असतो, आणि थर एकमेकांना जेमतेम धरून असतात. त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि सोलायची. पट्टीवर जे आलं त्यावर दुसरी पट्टी दाबायची, पुन्हा सोलायची. असं आठ-दहा वेळा केलं की कुठल्यातरी कोपऱ्यात एकच थर उरतो, तीन अणूंच्या जाडीचा. गंमत अशी की जाड असताना हा स्फटिक मुका असतो. त्यावर हिरवा दिवा पाडा, तो ढिम्म. एकच थर उरला की मात्र तांबडा उजळतो. तेवढा पातळ थर कुठे सुटलाय हे बाई नुसत्या रंगावरून सांगायच्या. सूक्ष्मदर्शकात डोकावायच्या आणि म्हणायच्या, "हा निळा दिसतो तो जाड. हा पिवळा त्याहून जाड. आणि इथे काहीच नाही असं वाटतं ना तुला? तोच आपला." खोलीभर यंत्रं आणि पहिलं काम चिकटपट्टीचं, हे पाहुण्यांसमोर सांगायची आमच्या सरांना लाज वाटायची. बाईंना नाही.

आमची प्रयोगशाळा तेव्हा तळघरात होती, मी तिथेच कोरकाम करायचे. बाईंनी काढलेल्या जाड पापुद्र्यातून मी यंत्राने खांब कोरते. असे दोन-तीनशे खांब ओळीने उभे केले तर एका केसाच्या जाडीत मावतील. दोन खांब अगदी जवळ उभे केले की त्यांची जोडी होते. जुन्या घरांच्या गच्चीवर टीव्हीची अँटेना असायची, ती हवेतल्या लहरी पकडायची. ही जोडी प्रकाश पकडते आणि मधल्या फटीत गोळा करते. तिच्यावर एक थराचा पापुद्रा अंथरला की त्या फटीपाशी तो कितीतरी पट जास्त उजळतो. खांब त्याच स्फटिकाचे, पांघरूणही त्याच स्फटिकाचं. माझा स्वभाव तापट आहे, तोंड त्याहून वाईट आहे, पण हात स्थिर आहे. म्हणून टिकले.

आणि हे स्फटिक यायचे कुठून? तर आमच्याच इमारतीच्या मागच्या बाजूच्या खोलीतून. तिथे भट्टीवाले होते.

भट्टीवाले म्हणजे उंच, वाकलेला, सावकाश बोलणारा माणूस. बायको तरुणपणीच गेलेली, एक मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. ते काचेच्या नळीत टंगस्टन आणि गंधकाची पूड भरायचे, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचे आणि ती तीन आठवडे भट्टीत ठेवायचे. एक टोक जास्त तापलेलं, दुसरं कमी. कमी तापलेल्या टोकाला हळूहळू स्फटिक धरायचे. सर रोज विचारायला यायचे, "झालं का?" भट्टीवाले म्हणायचे, "सर, घाई करणाऱ्याला भट्टी राख देते." सर गेले की भट्टीच्या तापमानाच्या तक्त्यावर आणखी एक दिवस वाढवायचे, मुद्दाम. मला हा माणूस फार आवडायचा.

नळी फोडली की पहिला स्फटिक चिमट्यात धरून ते बाईंच्या टेबलाशी यायचे. "बघा, जमलाय का." बाई एकदा सोलून बघायच्या आणि म्हणायच्या, "गुळगुळीत सुटतोय." एवढंच. अकरा वर्षं हे दोघांचं बोलणं. दुपारी एकाच बाकावर डबे उघडायचे, मध्ये एका माणसाची जागा सोडून. त्या जागेवर मी बसायचे, कारण दुसरीकडे जागा नसायची. आपण कुठे बसतोय हे कळायला मला चार वर्षं लागली. कळल्यावर मी माझा डबा यंत्रापाशी खायला लागले. ती जागा पुढेही रिकामीच राहिली. काही माणसांना ढकलल्याशिवाय सरकता येत नाही.

बाईंच्या घरी आई होती. अर्धं अंग गेलेलं, डोकं शाबूत, आणि जीभ डोक्याहून शाबूत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आईच्या पलंगाजवळ खिडकी आणि हाताशी एक पितळी घंटी. ती घंटी दर पाच मिनिटांनी वाजायची. बाई कामावर असताना शेजारीण बघायची, पण साडेपाचला बाई तळघरातून निघाल्या नाहीत असं कधी झालं नाही.

मग सरांनी ठरवलं की स्फटिक तयार विकत घ्यायचे आणि भट्टी बंद करायची. सर उंटावरून शेळ्या हाकतात, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलं आहे. भट्टीवाल्यांचं वय झालंच होतं. जायच्या महिनाभर आधी एकदा चहाच्या यंत्रापाशी ते बाईंना म्हणाले, "मी मुलीकडे जाणार असं ठरलंय. पण तुम्ही म्हणालात तर इथेच राहीन." मी पलीकडे हात धूत होते. नळ चालू ठेवला, पण कान बंद करता येत नाहीत.

बाईंनी रिकामा कप हातात फिरवला. मग म्हणाल्या, "आई आहे हो."

"हो, ते आहेच," ते म्हणाले. आणि बाईंचा कप भरून दिला.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक छोटी बाटली आणली. आत एकच स्फटिक. "ही शेवटची नळी. पाच आठवडे ठेवली होती, सरांना न सांगता. तुम्ही सोला, हिला खांब कोरू दे. यातून प्रकाश दिसला की कळवा. मी बघायला येईन." माझ्याकडे बघून हसले, बाईंकडे बघून हसले नाहीत, आणि गेले. त्यात सगळं होतं. बाई कळवणार, ते येणार. मधलं काही बोलायची गरज दोघांनाही वाटली नाही, आणि मला मात्र दोघांचे कान उपटावेसे वाटले.

त्या स्फटिकाच्या चिपवर बाईंनी जितका जीव लावला तितका कुठल्याच चिपवर लावला नसेल. मी नऊ ओळी कोरल्या, एकेका ओळीत पाच जोड्या. वर अंथरायला बाईंनी एक थराचा पापुद्रा काढला, लांबट, जेमतेम एक ओळ झाकेल एवढा. आता पुढचं नीट ऐका, कारण माती इथेच खाल्ली आणि ती मी खाल्ली.

पापुद्रा आधी रबराच्या पारदर्शक चकतीवर घेतात. तो वर तोंड करून असतो तेव्हाच बाई ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढायच्या, पापुद्रा कुठे आहे याचा. मग चकती उलटी करून चिपवर टेकवायची. रबरी शिक्क्यावरची अक्षरं कागदावर उलटी उमटतात तसं इथेही डावं ते उजवं होतं. म्हणून आमच्याकडे दंडक आहे. नकाशा उलटून वाचायचा, कापलेला कोपरा उजवीकडे आला पाहिजे. शाळेतल्या पोरालाही जमेल.

दिवा लावून तपासायच्या दिवशी बाईंच्या आईला दवाखान्यात नेलं होतं. बाई नव्हत्या. सर घाईत होते. मी नकाशा उचलला आणि तसाच वाचला, न उलटता. पापुद्रा उजवीकडून तिसऱ्या ओळीवर होता. आम्ही डावीकडून तिसरी ओळ पाहिली. पाचही जोड्या पाहिल्या, काही नाही. बाकीच्या ओळी का नाही पाहिल्या? तर हा हिरवा दिवा उगाच फिरवायचा नसतो. एक थराचा पापुद्रा उघड्या हवेत दिव्याखाली हळूहळू जळतो, प्रत्येक पाहण्यात थोडा थोडा विझत जातो. म्हणून जिथे असेल तिथेच, एका वेळी एकाच जोडीवर, दहा सेकंद. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "पापुद्रा उतरलाच नाही. बाईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही." आणि चिप डबीत घालून कपाटात टाकली.

पुढे तीन वर्षं हे वाक्य बाईंच्या वाट्याला आलं. अवघड काम आलं की सर दुसऱ्याला द्यायचे, आणि बाई शिकाऊ मुलांना पट्टी कशी धरायची ते शिकवत बसायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, तुम्ही काहीच का बोलत नाही?" तर म्हणाल्या, "म्हणू दे गं. अंगाला भोकं पडतात का?"

भट्टीवाल्यांना कळवायचं काही नव्हतंच. ते सणावाराला निरोप पाठवणारे नव्हेत. वर्षातून एकदा कुणाकडून तरी कानावर यायचं, मुलीकडे आहेत, बरे आहेत. बाईंच्या समोर त्यांचा विषय निघाला की बाई चिकटपट्टीचं टोक शोधायला लागायच्या.

दीड वर्षांपूर्वी बाईंची आई गेली. मी भेटायला गेले तेव्हा घर फार नीटनेटकं होतं, पलंगाची चादर ताणून बसवलेली, घंटी उशीवर. टेबलावर औषधाच्या सात-आठ रिकाम्या बाटल्या होत्या, आणि बाईंनी एकेका बाटलीवरचं लेबल अख्खं सोलून ओळीने मांडून ठेवलं होतं. एकाचाही कोपरा फाटलेला नव्हता. "हाताला काहीतरी लागतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पाच मिनिटं झाली की मी अजून उठते. घंटी वाजत नाही तरी." मी भांडी घासून आले.

आणि मग गेल्या वर्षी तळघर रिकामं करायची वेळ आली, कारण आम्हाला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. एका शुक्रवारी दुपारी मी माझा खण उपसत होते. तळाशी एक ट्रेसिंग पेपर सापडला. त्यावर माझ्याच अक्षरात तारीख, 'डावीकडून तिसरी, प्रकाश नाही' आणि बरोबरची खूण. अक्षर सुलटं धरलं की कापलेला कोपरा डावीकडे येत होता.

मी तो कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. बाईंचा हात शाबूत होता, स्फटिक शाबूत होता, फुटलेलं होतं ते माझं डोकं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर वळसासुद्धा आम्ही घातला नव्हता, तोंड फिरवून घरी गेलो होतो.

कपाटातून चिपची डबी काढली आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेले. ती खोली माझी नाही, मी तिकडे फारशी जात नाही. दिवा लावण्याआधी नोंदवहीत नाव, वेळ आणि कारण लिहावं लागतं. वही उघडली. गेल्या शुक्रवारी, दुपारी एक ते एक वीस: 'पापुद्रेबाई. दिवा तपासणे.' त्याच्या आधीच्या शुक्रवारी तेच. त्याच्या आधीच्याही. मी पानं उलटत मागे गेले. मागची वही काढली, तिच्या मागची काढली. तीन वर्षांतला एक शुक्रवार चुकलेला नव्हता, आई गेली त्या आठवड्याचा सोडून. दिवा तपासणं हे बाईंचं काम कधीच नव्हतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं डोकं त्या दिवशी सुट्टीवर होतं. मी अंधार केला, पाच मिनिटं डोळे सरावू दिले, आणि उजवीकडून तिसऱ्या ओळीवर दिवा टाकला. पहिली जोडी अंधारी. दुसरी अंधारी. तिसरी अंधारी. चौथीत अगदी तळाला गेलेला तांबूस ठिपका, विझायला टेकलेला. मी पाचवीकडे न्यायला चाकाला हात घातला.

"पाचवीला हात लावू नकोस."

दारात बाई होत्या. एक वाजला होता.

मी दिवा बंद केला. अंधारात दोघींना एकमेकींचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोलणं सोपं गेलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पुढच्याच आठवड्यात. तुझी खूण बघितली, कोपरा बघितला. येऊन पाहिलं. पहिलीच जोडी इतकी छान उजळली, अगं..." त्या थांबल्या. "लाल नाही म्हणता येणार. विझत्या निखाऱ्याला फुंकर घातल्यावर होतं तसं काहीतरी."

"आणि तुम्ही तीन वर्षं गप्प? सर तुमच्या हाताला नावं ठेवतात, मी मूर्खासारखी ऐकून घेते..."

"तुझं नाव आलं असतं, नाही का?"

"माझं नाव घाला चुलीत! भट्टीवाल्यांना का नाही कळवलं?"

मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. "आधी आई होती. ते आले असते, आणि मी पुन्हा तेच सांगितलं असतं. एकदा कप भरून दिला त्यांनी, दुसऱ्यांदा कुणी देतं का? मग आई गेली. आता काही अडचणच उरली नाही, तेव्हा जास्त भीती वाटायला लागली. कळवलं, आणि ते आलेच नाहीत तर? कळवलं नाही तोवर ते यायचे आहेत. कळवून आले नाहीत की संपलं. म्हणून दर शुक्रवारी दहा सेकंद बघायचे. पहिली जोडी विझली, मग दुसरी घेतली. प्रत्येक वेळी ठरवायचे, पुढच्या शुक्रवारी कळवते."

"आणि पाचवी?"

"ती त्यांची. मी एकदाही पाहिलेली नाही. उजळते की नाही तेही माहीत नाही मला."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी बाईंना म्हटलं, तुम्ही वेड्या आहात. म्हटलं, चौथी गेल्यावर काय करणार होतात, पाचवीपण खाणार होतात? म्हटलं, सोमवारपर्यंत तुम्ही कळवलं नाहीत तर मी कळवणार, आणि माझ्या भाषेत कळवणार. माझी भाषा त्यांना ठाऊक होती. बाईंनी तिथेच, अंधारात, मोबाईल काढला. त्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. रेघा नसलेल्या अंगठ्याने त्यांनी दोन शब्द लिहिले, 'प्रकाश दिसला.' पाठवले. आणि मोबाईल पालथा ठेवला, गरम भांडं खाली ठेवावं तसा.

उत्तर आलं नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी बाई कामावर आल्या, मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बुधवारी त्या शांतपणे म्हणाल्या, "बघ. म्हणूनच म्हणत होते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझं. एका बाईकडे चार दिवे होते आणि एक आशा होती. दिवे तिने जपून जपून वापरले होते, आशा मी एका दुपारी फुंकून टाकली. सरांना मात्र मी सगळं सांगितलं, नकाशा तोंडासमोर धरून, चूक माझी होती असं. ते "अच्छा" म्हणाले. बाईंना तेही म्हणाले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी एक वाजला तरी बाई सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे गेल्या नाहीत. आई गेली तो आठवडा सोडला तर तीन वर्षांत पहिल्यांदा. टेबलाशी बसून पट्टी दाबत होत्या, सोलत होत्या. मी पाहिलं, पट्टीवर काहीच नव्हतं. नुसतीच कोरी पट्टी.

तेवढ्यात पहारेकरी खाली आला आणि म्हणाला, "बाई, एक जण आलेत. यंत्र त्यांना ओळखत नाही म्हणतंय, मी म्हटलं मी ओळखतो."

भट्टीवाले जिना एकेक पायरी चाचपत उतरले. खूप वाळले होते. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा काढला तेव्हा उजवा डोळा दुधाळ झालेला दिसला, आणि डावा लाल, पाणी गळणारा. बाई उभ्या राहिल्या. चिकटपट्टी अंगठ्यालाच राहिली.

"निरोप आला त्याच दिवशी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं," ते म्हणाले. "मुलीने वाचून दाखवला. पट्टी परवा सुटली. पट्टी सुटल्याशिवाय येऊन काय उपयोग? बघायलाच तर यायचं होतं."

"उत्तर तरी द्यायचं," बाई म्हणाल्या.

"येतो म्हणून सांगितलं होतं ना मागेच. किती वेळा सांगायचं?"

मी दोघांना खोलीत नेलं, चिप ठेवली, अंधार केला. भट्टीवाले स्टुलावर बसले आणि डावा डोळा लावला. मी सरळ पाचवीवर जाणार होते, पण जुना चोखंदळ माणूस, म्हणाला, "आधी शेजारच्या दाखव." स्फटिकवाल्यांची सवयच ती, चांगल्याआधी आजूबाजूचं बघायचं. बाईंनी माझं मनगट धरलं. मी काय करणार? पहिलीवर दिवा टाकला. दुसरीवर. तिसरीवर. चौथीवर.

"या मुळात अंधाऱ्या नाहीत," ते सावकाश म्हणाले. "पापुद्रा आहे, पण जळलाय. या पाहून पाहून विझल्यात." भट्टीत कशाला किती वेळ लागतो याचा हिशोब त्यांच्या हाडात होता. "दहा-दहा सेकंदांनी चार विझायला... किती दिवस झाले, बाई?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं." त्यांनी डोळा काढला नाही. "तेव्हा माझा उजवा डोळा चांगला होता."

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल, आणि गेला तर त्याची चूक नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही आला नसतात तर मला काय राहिलं असतं?" मोठ्याने म्हणाल्या, जवळजवळ ओरडूनच. मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

भट्टीवाले उठले नाहीत. थोडे उजवीकडे सरकले.

"याला दोन नळ्या आहेत," ते म्हणाले. "मला एकच डोळा आहे. उजवी नळी मला पुरे. डावी रिकामी आहे."

बाई हलल्या नाहीत. अकरा वर्षं एका बाकावर मध्ये जागा सोडून बसलेली बाई ती. मी मागून त्यांच्या पाठीला हात लावला आणि ढकललं, चांगलं जोरात. त्या दुसऱ्या स्टुलावर बसल्या, वाकल्या, आणि डाव्या नळीला त्यांनी उजवा डोळा लावला. दोन नळ्यांत चार बोटांचं अंतर असतं. दोघांचं कानशिलाला कानशील टेकलं.

मी पाचवी जोडी आणली आणि दिवा सोडला.

उजळली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी आपली मनात मोजत होते, सवयीने. आठ, नऊ, दहा. हात बटणाकडे नेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "जळू दे गं. संपला तर संपला."

मी बटण सोडलं आणि बाहेर आले. नोंदवही दारापाशी होती. तारीख घातली, दोघांची नावं लिहिली, कारण लिहिलं, 'दिवा तपासणे'. सुरू केल्याची वेळ घातली. बंद केल्याची जागा कोरी ठेवली.